घानात सोलरमध्ये पैसे घालायचे तर आधी ग्राहक निवडा, जागा नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक छोटी सोलर ईपीसी कंपनी (प्रकल्पाची आखणी, खरेदी आणि उभारणी करणारी) आहे, महाराष्ट्रात छपरावरच्या प्रकल्पांचा चांगला अनुभव आहे. घानाच्या राजधानीत, अक्रात, अनेक वर्षे व्यापार करणाऱ्या एका भारतीय गृहस्थांनी भागीदारीचा प्रस्ताव दिला आहे. समोर दोन वाटा आहेत. एक, घानाच्या उत्तर भागात जमीन घेऊन ५ ते १० मेगावॉटचा प्रकल्प उभारायचा आणि सरकारी वितरण कंपनीला वीज विकायची. दुसरी, तेमा-अक्रा पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर स्वतःच्या पैशाने पॅनेल बसवून त्यांना युनिटच्या दराने वीज द्यायची. धोरण चांगले आहे असे वाचले, मग गुंतवणूक सुरक्षित आहे का, असे विचारले आहे.

आधी निकाल सांगतो. तुमच्या आकाराच्या कंपनीने पहिली वाट सोडून द्यावी. दुसरी वाट चालण्यासारखी आहे, पण ती धोरणाच्या जोरावर चालत नाही. तुमचे बिल कोण भरणार आणि ते कोणत्या चलनाच्या हिशेबाने भरणार, यावर ती चालते. घानात ऊन आहे, कायदाही आहे. अडचण वसुलीची आहे. तुमचा खरा प्रश्न तोच आहे. बाकीचे बरेच काही परिस्थितीवर अवलंबून राहील: ग्राहक कोणत्या वीजदर वर्गात आहे, छप्पर कसे आहे, भागीदाराचे नागरिकत्व कोणते. तेही ओघात सांगतो.

कागदावर घाना खरोखर पुढे होता. २०११ चा नवीकरणीय ऊर्जा कायदा, म्हणजे अधिनियम ८३२, आणला तेव्हा त्यात ठरावीक खरेदी दर, वितरण कंपन्यांवर खरेदीचे बंधन, नेट मीटरिंग (ग्रिडमध्ये सोडलेली वीज बिलातून वजा होणे) आणि परवाना पद्धत असे सगळे होते. २०२० पर्यंत दहा टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून, असे लक्ष्य होते. ते हुकले आणि २०३० वर गेले. २०१९ च्या आराखड्यात २०३० पर्यंत सुमारे १,३६३ मेगावॉटचा आकडा आहे. प्रत्यक्षात काय उभे राहिले ते पाहा: २०१३ मध्ये नावरोंगोला २.५ मेगावॉट, २०१६ मध्ये विनेबाजवळ २० मेगावॉट, २०१८ मध्ये त्याच भागात आणखी २० मेगावॉट, आणि नंतर लावरा, कालेओ व बुई धरणाच्या परिसरातले प्रकल्प. या नंतरच्या प्रकल्पांमागे व्होल्टा रिव्हर ऑथॉरिटी आणि बुई पॉवर ऑथॉरिटी या सरकारी संस्था आहेत. खासगी गुंतवणूकदार ठरावीक दराच्या आशेवर रांगेत उभे राहिले आणि २०२० च्या दुरुस्तीने तो दरच जाऊन स्पर्धात्मक निविदा आली. त्यामुळे जुन्या लेखांत दिसणारा सरकारी खरेदी दर तुमच्या एक्सेल पत्रकात धरू नका.

निविदा आली तरी पैसे मिळण्याची खात्री का नाही, हे साखळी पाहिल्यावर कळते. वीज बनवतात व्होल्टा रिव्हर ऑथॉरिटी आणि खासगी उत्पादक, वाहून नेते ग्रिडको, विकतात दक्षिणेत ईसीजी आणि उत्तरेत नेडको. दर ठरवतो पीयूआरसी हा नियामक, परवाने देतो एनर्जी कमिशन. पैसा मात्र फक्त शेवटच्या टोकाला, ग्राहकाच्या खिशातून आत येतो, आणि तिथेच साखळी गळते. ईसीजी विकत घेते त्या विजेचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त तांत्रिक आणि व्यापारी गळतीत जातो. नेडकोची स्थिती त्याहून वाईट आहे. उरलेल्या बिलांचीही पूर्ण वसुली होत नाही. २०२० पासून जमा झालेला पैसा ठरलेल्या क्रमाने सगळ्यांत वाटण्याची पद्धत आणली, पण आत येणारे पाणीच कमी असेल तर पाट कितीही नीट बांधले तरी शेवटच्या शेताला पोचत नाही. छोटा, नवा, परदेशी सोलर उत्पादक हा त्या शेवटच्या शेतात असतो.

यात २०१२ ते २०१६ च्या टंचाईचा वारसा मिसळला आहे. तिकडे वीज जाण्या-येण्याला 'डुमसोर' म्हणतात. त्या काळात सरकारने घाईघाईने औष्णिक प्रकल्पांशी 'वीज घ्या किंवा न घ्या, पैसे भराच' असे करार केले. २०१९ मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत मांडलेला आकडा असा: स्थापित क्षमता ५,०८३ मेगावॉट, कमाल मागणी सुमारे २,७०० मेगावॉट, आणि न वापरलेल्या क्षमतेसाठी वर्षाला अर्ध्या अब्ज डॉलरहून अधिक देणे. असा बोजा अंगावर असलेले सरकार नवे दीर्घ करार करायला आणि त्यांना सार्वभौम हमी द्यायला नाखूष असणारच. डिसेंबर २०२२ मध्ये देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, मे २०२३ मध्ये नाणेनिधीचा तीन अब्ज डॉलरचा कार्यक्रम सुरू झाला, आणि वीज उत्पादकांची जुनी थकबाकी वाटाघाटींत गेली. हमीची अपेक्षा अशा वेळी धरूच नका.

कायदेशीर बाजूने दोन दाखले माहीत असू द्या. राज्यघटनेच्या कलम १८१(५) नुसार सरकार पक्ष असलेल्या आंतरराष्ट्रीय व्यवहाराला संसदेची मान्यता लागते. ओसाग्येफो वीज बार्जच्या, म्हणजे तरंगत्या वीज केंद्राच्या, करारावर बाल्कन एनर्जी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हेच ठरवले. म्हणजे मंत्रालयाची सही आहे म्हणून करार पक्का, असे समजून चालत नाही. दुसरा दाखला उलट दिशेचा. २०१८ मध्ये सरकारने रद्द केलेल्या एका तातडीच्या वीज करारावर जीपीजीसी या कंपनीला जानेवारी २०२१ मध्ये लवादाने सुमारे १३ कोटी ४० लाख डॉलर आणि व्याज दिले. लवाद चालतो हे खरे. पण तो निकाल हाती येण्यासाठी लागणारी वर्षे आणि लंडनच्या वकिलांची फी पाच मेगावॉटच्या प्रकल्पाच्या नफ्यातून निघत नाही.

उत्तरेतल्या जमिनीबद्दल थोडेच सांगतो, कारण ती वाट तुम्ही घेऊ नये असे माझे मत आहे. परदेशी व्यक्ती किंवा कंपनीला जमिनीची मालकी मिळत नाही, जास्तीत जास्त ५० वर्षांचा भाडेपट्टा मिळतो. बहुतांश जमीन पारंपरिक सत्तेखाली आहे: दक्षिणेत ती 'स्टूल'ची, उत्तरेत 'स्किन'ची, म्हणजे त्या त्या प्रमुखाच्या गादीची. प्रमुखाने सही केली पण कुटुंबप्रमुखाने केली नाही, किंवा गादीचाच वाद चालू आहे, हे नेहमीचे आहे. लँड्स कमिशनमध्ये शोध आणि नोंदणी झाल्याशिवाय एक सेडीही (घानाचे चलन) आगाऊ देऊ नये.

आता छपरांकडे येऊ. इथे गिऱ्हाईक निवडणे हेच नव्वद टक्के काम आहे, आणि सुरुवात करायची ती वीजबिलावरच्या दर वर्गापासून. मोठ्या ग्राहकांना 'स्पेशल लोड टॅरिफ' लागतो आणि त्यात कमी दाब, मध्यम दाब, उच्च दाब असे भाग आहेत. कमी दाबाचा दर मध्यम दाबापेक्षा महाग असतो. म्हणून ३३ किंवा ११ केव्हीवर, म्हणजे चढ्या दाबावर, वीज घेणारा अवाढव्य कारखाना दिसायला आकर्षक वाटतो, पण त्याला तुमच्या विजेने फारशी बचत होत नाही आणि तो घासाघीस करतो. शीतगृह, सुपरमार्केट, खासगी रुग्णालय, पाणी बाटलीबंद करणारा उद्योग, छापखाना असे कमी दाबाचे, दिवसा सतत चालणारे ग्राहक शोधा. तेमा मासळी बंदर आहे, तिथली शीतगृहे रविवारीही वीज खातात. रविवारी बंद असणाऱ्या कारखान्यात सातवा हिस्सा उत्पादन वाया जाते, हे गणितात आधीच धरा.

नाशिक-पुण्याच्या सवयीने उत्पादनाचा अंदाज बांधू नका. किनारी पट्ट्यात ढग आणि दमटपणा जास्त, त्यामुळे एका किलोवॉट पॅनेलमागे वर्षाला साधारण १,३०० ते १,४५० युनिट धरावेत. उत्तरेत नावरोंगो आणि 'वा' या शहरांच्या भागात जास्त मिळते, पण तिथे ग्राहक नाहीत. नोव्हेंबर ते मार्च हरमॅटन वाऱ्याबरोबर सहाराची बारीक धूळ येते आणि पाऊस नसल्याने ती पॅनेलवर बसून राहते. तेमात त्यावर सिमेंट दळणाऱ्या कारखान्यांची भुकटी आणि समुद्राचा खार असतो. नट-बोल्ट ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे घ्या. छपरे बहुधा ॲल्युझिंक पत्र्याची असतात, त्यावर ड्रिलचा लोखंडी कीस राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे डाग पडतात आणि गळतीचा ठपका तुमच्यावर येतो. जुन्या गोदामांत पत्र्याखालचे आडवे वासे लाकडी असू शकतात. चढून, ठोकून पाहिल्याशिवाय भार मोजू नका.

सगळ्यात जास्त फसगत होते ती डिझेल जनरेटरपाशी, म्हणून इथे जरा थांबतो. वीज गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर सुरक्षेसाठी बंद पडतो. जनरेटर चालू झाला की इन्व्हर्टर त्याच्या व्होल्टेजला धरून पुन्हा चालू होतो आणि गडबड सुरू होते. समजा ग्राहकाकडे ५०० केव्हीएचा जनरेटर आहे, म्हणजे सुमारे ४०० किलोवॉट. त्याला ३० टक्क्यांखाली चालवले तर सिलिंडरमध्ये काजळी साठते, म्हणून किमान १२० किलोवॉट भार त्याच्यावर हवाच. दुपारी कारखान्याचा भार २६० किलोवॉट असेल तर सोलरला जागा उरते फक्त १४० किलोवॉट. छपरावर मात्र तुम्ही ५०० किलोवॉट बसवले आहे. नियंत्रक नसेल तर सोलर जनरेटरच्या डोक्यावर चढतो, रिव्हर्स पॉवर रिले (वीज उलटी जनरेटरमध्ये शिरली की त्याला तोडणारे उपकरण) पडतो आणि सगळा कारखाना अंधारात जातो. डुमसोरच्या दिवशी हे तीन वेळा झाले की ग्राहक सोलरचा मेन स्विचच पाडून ठेवतो.

म्हणून जनरेटर समन्वय नियंत्रक पहिल्या दिवसापासून खर्चात धरा, आणि प्रत्येक जनरेटरवर स्वतंत्र मापन लावा. कराराच्या मसुद्यातही लिहून घ्या: ग्राहकाच्या जनरेटरमुळे किंवा त्याने स्विच पाडल्यामुळे जे युनिट बनले नाहीत, ते उन्हाची तीव्रता मोजणाऱ्या मापकाच्या नोंदीवरून मोजून 'बनलेले' धरले जातील. ग्रिड गेल्यामुळे झालेली घट मात्र काही तासांपर्यंत तुम्ही सोसावी, नाहीतर कोणी सही करणार नाही.

मीटरची एक छोटी गोष्ट मोठे भांडण लावते. काही प्रीपेड मीटर उलट्या दिशेने गेलेली वीजही वापर म्हणूनच मोजतात. ग्राहकाचे क्रेडिट सोलर बसवल्यावर जास्त वेगाने संपते आणि तो तुम्हाला फसवा म्हणतो. ईसीजीकडून दोन्ही दिशांनी मोजणारे मीटर बसून मिळेपर्यंत शून्य-निर्यात सेटिंग (ग्रिडमध्ये वीज जाऊच न देणारे) ठेवा, आणि नेट मीटरिंगचा एक पैसाही उत्पन्नात धरू नका. मिळाले तर वरकड समजा.

आता चलन. उदाहरणादाखल ५०० किलोवॉटचा प्रकल्प घ्या, खर्च समजा ४ लाख डॉलर, वर्षाला १,३५० च्या हिशेबाने ६,७५,००० युनिट, दर युनिटला १२ सेंट. वर्षाचे उत्पन्न ८१,००० डॉलर. देखभाल, विमा, स्वच्छता ९,००० धरली तर ७२,००० उरतात आणि पैसे साडेपाच वर्षांत परत येतात. हे झाले कागदावर. डॉलरला १० सेडी असताना तुम्ही दर १.२० सेडी असा वर्षभरासाठी गोठवला आणि वर्षअखेर डॉलर १३ सेडींवर गेला, तर तुमचा दर ९.२ सेंटवर येतो. वर्षभराची सरासरी धरली तरी साधारण दहा हजार डॉलर गेले. हे भीती घालायला सांगत नाही. २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला सुमारे ६ सेडी होते, त्याच वर्षी ते १३-१४ पर्यंत गेले. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४ टक्क्यांवर होती, पुढच्या वर्षी मध्यवर्ती बँकेचा व्याजदर ३० टक्के झाला. स्थानिक कर्जावर प्रकल्प करणे त्या काळात अशक्यच होते. मग २०२५ मध्ये सेडी झपाट्याने सावरला आणि व्याजदरही उतरू लागले. म्हणजे धोका दोन्ही दिशांनी आहे.

बँक ऑफ घाना परवानगीशिवाय परकीय चलनात किंमत लावू देत नाही, त्यामुळे बिल सेडीतच द्यावे लागते. पायाभूत दर डॉलरशी जोडायचा आणि दर महिन्याच्या बिलाला ठरलेल्या दिवसाच्या विनिमय दराने सेडीत रूपांतर करायचे, अशी रचना सर्वसाधारणपणे केली जाते. शब्दरचना तिथल्या वकिलाकडूनच घ्या. कोणता विनिमय दर ते स्पष्ट लिहा. मध्यवर्ती बँकेचा जाहीर दर आणि तुमची व्यापारी बँक ज्या दराने डॉलर विकते तो, यांत अडचणीच्या काळात मोठे अंतर पडते, आणि डॉलर तुम्हाला दुसऱ्याच दराने मिळणार आहेत.

काही जण 'ईसीजीच्या दरापेक्षा १५ टक्के स्वस्त' असा करार करतात. ऐकायला सोपा आहे. पीयूआरसी दर तिमाहीला विनिमय दर, महागाई आणि गॅसची किंमत पाहून दर बदलतो, त्यामुळे त्या दरात डॉलरची सावली असते हेही खरे. सप्टेंबर २०२२ मध्ये २७.१५ टक्के, फेब्रुवारी २०२३ मध्ये २९.९६ टक्के, मे २०२५ मध्ये १४.७५ टक्के अशा वाढी झाल्या. पण या वाढी सेडीच्या घसरणीच्या मागून येतात आणि निवडणुकीच्या वर्षात त्या रेंगाळू शकतात. मला पटणारी रचना अशी: दर डॉलरशी जोडलेला, वर ईसीजीच्या दराची मर्यादा म्हणजे ग्राहक कधी तोट्यात जाणार नाही, आणि खाली तुमच्या कर्जाचा हप्ता निघेल एवढा तळ. शिवाय तीन महिन्यांच्या बिलाएवढी बँक हमी. जो ग्राहक काही माल निर्यात करतो, म्हणजे कोको प्रक्रिया, फळे, मासळी, त्याला डॉलरची जोडणी सहज पचते. दोन ग्राहक सारखे दिसले तर निर्यात करणारा निवडा.

कंपनीच्या रचनेत तुमच्या प्रस्तावातली एक फट मला लगेच दिसते. गुंतवणूक प्रोत्साहनाच्या २०१३ च्या कायद्यानुसार, म्हणजे अधिनियम ८६५ नुसार, घानाच्या नागरिकाचा किमान १० टक्के वाटा असेल तर परदेशी भांडवल किमान २ लाख डॉलर लागते. पूर्ण परदेशी मालकी असेल तर ५ लाख. आणि नुसता माल आणून विकायचा असेल तर १० लाख डॉलर आणि किमान २० कुशल घानाई कर्मचारी. तुमचे अक्रातले गृहस्थ कितीही वर्षे तिथे राहिलेले असोत, त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल तर ते या कायद्यासाठी परदेशीच आहेत. मग २ लाखांचा गट तुम्हाला लागू होत नाही. वीज क्षेत्रासाठी २०१७ चे स्थानिक सहभागाचे वेगळे नियमही आहेत, एलआय २३५४, त्यात घानाई भागभांडवल आणि ते वाढवण्याचा आराखडा मागतात. नावापुरता भागीदार उभा करणे हा गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. खरा स्थानिक भागीदार शोधा, शक्यतो विद्युत कंत्राटदार, ज्याच्याकडे प्रमाणित वायरिंग तपासनिसांशी रोजचे काम आहे. हे आकडे बदलण्याचे प्रस्ताव येत असतात, म्हणून पैसे पाठवण्याच्या आठवड्यात घानाच्या गुंतवणूक प्रोत्साहन केंद्राकडून लेखी खात्री करून घ्या.

भांडवल रोख किंवा प्रकल्पाच्या यंत्रसामग्रीच्या रूपात आणता येते. अडीच लाख डॉलरपर्यंतच्या भांडवलावर एकाच परदेशी कर्मचाऱ्याचा कोटा आपोआप मिळतो, त्यामुळे नाशिकहून चार जणांची टीम नेण्याचा बेत असेल तर तो आतापासून बदला. आयात, बसवणे, देखभाल आणि विक्री या प्रत्येक कामासाठी एनर्जी कमिशनचा परवाना लागतो. भारतातील मूळ कंपनी तांत्रिक सल्ल्याची फी घेणार असेल तर तो करार तंत्रज्ञान हस्तांतर करार म्हणून गुंतवणूक केंद्रात नोंदवा. नोंद नसेल तर तिथली बँक पैसे बाहेर पाठवत नाही, आणि हे बहुतेकांना पहिल्या वर्षाच्या शेवटी कळते. अनिवासी कंपनीच्या तांत्रिक फीवर २० टक्के कर कापला जातो, लाभांशावर आणि व्याजावर ८ टक्के. म्हणून पैसा फीऐवजी भागभांडवल आणि कर्ज यांतून फिरवणे बरे. पण संबंधित कंपनीचे कर्ज भागभांडवलाच्या तिप्पटीपेक्षा जास्त झाले की वरचे व्याज खर्च म्हणून धरत नाहीत.

तेमा बंदरात पॅनेल सीमाशुल्काविना सुटले म्हणून सगळा कंटेनर सुटेल असे नाही. इन्व्हर्टर, बॅटरी, केबल, ढाचा वेगवेगळ्या शीर्षकांखाली जातात आणि त्यांवर शुल्क व इतर आकार लागतात. वर्गीकरण माल निघण्याआधी ठरवून घ्या, मानक प्राधिकरणाचे अनुरूपता प्रमाणपत्रही आधीच काढा. बंदरात अडकलेल्या कंटेनरचे दिवसाचे भाडे डॉलरमध्ये वाढते. प्रत्येक मॉडेलचा एक इन्व्हर्टर तिथे शिल्लक ठेवाच. बदली तुकडा समुद्रमार्गे येईपर्यंत बुडणारे उत्पन्न जास्त असते.

भारताच्या बाजूने फेमाचे (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याचे) २०२२ चे परदेशी गुंतवणूक नियम लागतात. पैसे पाठवण्याआधी अधिकृत बँकेकडून फॉर्म एफसी भरून ओळख क्रमांक घ्या, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरी अहवाल द्या. तो चुकला की पुढचा हप्ता बँक अडवते, आणि बांधकामाच्या मध्यावर ते परवडत नाही.

पुढच्या चर्चेआधी भागीदाराकडून एकाच ग्राहकाची ही कागदपत्रे मागवा: मागील २४ महिन्यांची ईसीजी बिले किंवा प्रीपेड खरेदीच्या नोंदी, डिझेल खरेदीची बिले, जनरेटरच्या नावपट्टीचा फोटो, छपराखालच्या वाशांचे फोटो, आणि दोन आठवड्यांची व्होल्टेज व भाराची पंधरा मिनिटांच्या अंतराने घेतलेली नोंद. ती नोंद ठेवणारा मापक इथून कुरिअरने पाठवता येतो. दुपारी व्होल्टेज २५० च्या वर जात असेल तर इन्व्हर्टर वारंवार पडतील, आणि त्या ग्राहकाचा ट्रान्सफॉर्मर टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करणारी जोडणी) आधी दुरुस्त करून घ्यावा लागेल. डिझेलची बिले द्यायला जो ग्राहक टाळाटाळ करतो, त्याच्याशी पंधरा वर्षांचा करार करू नका.